नाकाला फिलर : सुईनंतरचा पहिला तास

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

शस्त्रक्रिया न करता नाकाचा आकार बदलून देण्याच्या जाहिराती आणि त्यांचे कौतुक करणारे लेख आता सर्रास वाचायला मिळतात. पंधरा मिनिटांचे काम, टाके नाहीत, पट्टी नाही, त्याच दिवशी कामावर हजर. बहुतेकांच्या बाबतीत यातले सगळे खरेही ठरते. सांगायचे राहून जाते ते वेगळेच. चेहऱ्यावर जिथे जिथे फिलर टोचतात, त्यांत नाक ही सर्वांत धोक्याच्या जागांपैकी एक आहे. आणि काही बिघडलेच, तर त्वचा वाचणार की जाणार, डोळा राहणार की नाही, हे बरेचसे पहिल्या तासाभरात ठरते. त्या तासात काय घडते आणि काय घडायला हवे, एवढ्यासाठी हे पत्र.

आधी प्रत्यक्ष काम काय असते ते पाहू. फिलर म्हणजे सुईतून टोचता येईल असा घट्टसर जेल. सध्या सर्वाधिक वापर हायल्युरॉनिक ॲसिडच्या जेलचा होतो. हा पदार्थ आपल्या त्वचेत मुळातच असतो. पण तो नुसता टोचला तर काही दिवसांतच विरून जाईल, म्हणून त्याचे रेणू रसायनाने एकमेकांत गुंफून तो टिकाऊ केलेला असतो. नाकासाठी त्यातला कडक, आकार धरून ठेवणारा प्रकार लागतो. ओठांसाठीचा मऊ, पाणी ओढून फुगणारा जेल नाकावर वापरला की तो आजूबाजूला पसरतो आणि नाक पसरट दिसू लागते. एकूण मात्रा अर्ध्या मिलीच्या आसपास, फार तर एक मिली. परिणाम नऊ महिने ते दीड वर्ष टिकतो असे सांगितले जाते. जेलचा काही अंश मात्र त्यानंतरही बराच काळ आत राहतो, आणि दर वर्षी थोडी थोडी भर घालत गेले की नाकाचा दांडा नकळत जाड होत जातो.

फिलर भर घालतो, काही काढून टाकत नाही. दांड्यावरचा उंचवटा लपवायचा तर त्याच्या वरच्या आणि खालच्या खोलगट भागात जेल भरून सगळे एका रेषेत आणतात. बाजूने नाक सरळ दिसते, पण असते आधीपेक्षा मोठेच. झुकलेला शेंडा उचलायचा तर नाकपुड्यांमधल्या खांबाच्या बुडाशी, हाडालगत थोडा जेल देऊन आधार देतात. बसका दांडा उंच करता येतो. रुंद नाक अरुंद करणे, मोठा शेंडा लहान करणे, वाकड्या पडद्यामुळे कोंडणारा श्वास मोकळा करणे, हे फिलरचे काम नाही. यांपैकी काही ‘सुईनेच होईल’ असे कोणी सांगत असेल, तर तिथूनच उठावे.

आणखी एक गोष्ट जाता जाता. नाक मोठे आहे ही समजूत अनेकांना मोबाइलच्या सेल्फीवरून होते. १२ इंचांवरून काढलेल्या छायाचित्रात नाक ५ फुटांवरून काढलेल्या छायाचित्रापेक्षा सुमारे ३० टक्के रुंद दिसते, असे २०१८ मध्ये गणिताने दाखवून दिले गेले आहे. निर्णय घेण्याआधी दुसऱ्या कोणाकडून दीड-दोन मीटरवरून एक छायाचित्र काढून घ्यावे. काहींचा प्रश्न तिथेच सुटतो.

आता धोका कुठून येतो ते. नाकाच्या त्वचेला रक्त तीन वाटांनी येते. चेहऱ्याच्या धमनीची एक शाखा नाकपुडीच्या बाजूने शेंड्याकडे जाते. वरच्या ओठाकडून निघालेली बारीक शाखा नाकपुड्यांमधल्या खांबातून वर चढते. तिसरी शाखा डोळ्याच्या खोबणीतून बाहेर पडून दांड्यावर उतरते. ही तिसरी शाखा ज्या नेत्रधमनीतून निघते, त्याच नेत्रधमनीतून दृष्टिपटलाला रक्त देणारी धमनीही निघते. आणि नेत्रधमनी स्वतः मेंदूला रक्त नेणाऱ्या मोठ्या धमनीची शाखा आहे. या तिन्ही वाटा नाकावर एकमेकींना जोडलेल्या असतात. त्यामुळे नाकाच्या शेंड्यावर टोचलेल्या सुईपासून दृष्टिपटलापर्यंत एक अखंड नळी तयारच असते.

धमनीतल्या रक्ताचा दाब वरचा आकडा धरला तरी साधारण १२० मिलिमीटर पारा. बारीक सुईतून घट्ट जेल ढकलताना अंगठ्याचा जोर त्याहून सहज जास्त होतो. सुईचे टोक चुकून धमनीत असेल तर जेल रक्तप्रवाहाच्या उलट दिशेने मागे मागे सरकत नेत्रधमनीपर्यंत पोहोचतो. दट्ट्या सोडला की रक्त त्याला पुन्हा पुढे रेटते, आणि या वेळी तो दृष्टिपटलाच्या धमनीत शिरतो. यासाठी किती जेल लागतो? भुवयांच्या मध्यापासून डोळ्याच्या खोबणीच्या टोकापर्यंत जाणाऱ्या धमनीची क्षमता मृतदेहांवर मोजली गेली आहे. ती सरासरी ०.०८५ मिली भरली, आणि सर्वांत कमी ०.०४ मिली. म्हणजे एक मिलीच्या सिरिंजचा दहावा हिस्साही नाही. ‘आम्ही अगदी थोडेच टोचतो’ या आश्वासनाला म्हणूनच फारसा अर्थ उरत नाही. एकूण किती टोचले यापेक्षा एका जागी, एका दमात आणि किती वेगाने टोचले याला महत्त्व आहे.

जेल मागे न जाता पुढे गेला तर बारीक वाहिन्यांमध्ये अडकतो आणि त्या वाहिन्यांवर अवलंबून असलेली त्वचा उपाशी राहते. शेंडा आणि नाकपुड्यांच्या कडा इथे आजूबाजूने मदतीला येणारे रक्त कमी आणि त्वचा खालच्या कूर्चेला घट्ट चिकटलेली. त्यामुळे वाहिनीत काहीच शिरले नाही, नुसता बाहेरून जेलचा दाब पडला, तरीही रक्तपुरवठा तुटू शकतो. शेंड्यावर ०.१ मिलीच्या पुढे जाऊ नये असे आमचे मत आहे, आणि तिथे अजिबात न टोचणारे अनुभवी डॉक्टर आम्हाला भित्रे वाटत नाहीत.

हे सगळे नव्याने कळले आहे असेही नाही. नाकात पॅराफिन टोचल्यानंतर दोन्ही डोळ्यांची दृष्टी गेल्याची नोंद १९०३ सालच्या वैद्यकीय नियतकालिकात आहे. फिलरनंतर दृष्टीवर परिणाम झालेल्या रुग्णांचा जागतिक आढावा कॅनडातील त्वचारोगतज्ज्ञ केटी बेलेझ्ने आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये मांडला, तेव्हा ९८ रुग्ण सापडले; त्यांत जवळजवळ निम्म्यांमध्ये स्वतःच्याच शरीरातली चरबी टोचलेली होती आणि सुमारे चौथाई रुग्णांत जागा नाक ही होती. २०१९ च्या पुढच्या आढाव्यात ४८ नवे रुग्ण आले. या खेपेस नाकाचा वाटा ५६ टक्क्यांवर गेला होता, आणि ८१ टक्के रुग्णांत टोचलेला पदार्थ हायल्युरॉनिक ॲसिड होता, म्हणजे लोक ज्याला ‘सुरक्षित’ म्हणतात तोच. त्या ४८ जणांपैकी १० जणांची दृष्टी पूर्ण परत आली, ८ जणांची अंशतः. ९ जणांमध्ये मेंदूशी संबंधित गुंतागुंतही झाली. लाखो लोक फिलर घेतात, त्या मानाने हे आकडे लहान आहेत, हे मान्य. पण प्रसिद्ध होतात तेवढेच रुग्ण मोजले जातात, आणि सलूनमध्ये झालेली इजा वैद्यकीय नियतकालिकापर्यंत क्वचितच पोहोचते. अमेरिकेच्या एफडीए या अन्न-औषध नियामक संस्थेने २०१५ मध्ये फिलर रक्तवाहिनीत शिरण्याविषयी जाहीर इशारा दिला, तेव्हा जास्त धोक्याच्या जागांमध्ये नाक आणि त्याच्या आसपासचा भाग स्पष्टपणे घेतला होता. गाल, ओठ, हनुवटी यांसाठी त्या संस्थेने अनेक फिलर मान्य केले आहेत. नाकाचा आकार बदलण्यासाठी एकही नाही.

शस्त्रक्रिया झालेले नाक ही वेगळीच गोष्ट. उघड्या पद्धतीच्या शस्त्रक्रियेत खांबातून वर चढणारी शाखा कापली जाते, त्यामुळे शेंडा उरलेल्या शाखांवर जगत असतो. आतले थर व्रणाने एकमेकांना चिकटलेले असतात, वाहिन्यांनी जागा बदललेल्या असतात, आणि ज्या खोल थरात सुई सुरक्षित मानली जाते तो थर शिल्लकच नसतो. शस्त्रक्रियेनंतर राहिलेला छोटासा खड्डा भरून घेण्यासाठी लोक फिलरकडे वळतात, म्हणजे सर्वाधिक धोका असलेलेच लोक त्याकडे सर्वाधिक ओढले जातात. अशा नाकाला हात लावायचाच असेल तर शस्त्रक्रियेनंतर किमान वर्षभर थांबून, शक्यतो डॉप्लर सोनोग्राफीने वाहिन्या पाहून, आणि नाकाच्या शस्त्रक्रिया स्वतः करणाऱ्या सर्जननेच लावावा. नाकात सिलिकॉनचे रोपण असेल तर हा विचारच नको.

टोचण्याच्या पद्धतीबद्दल दोन समजुती फार पसरल्या आहेत. पहिली अशी की, टोचण्याआधी दट्ट्या मागे ओढून पाहिला आणि रक्त आले नाही म्हणजे सुई वाहिनीत नाही. रक्त आले तर सुई काढायची, हे बरोबर. पण आले नाही यावरून काहीच सिद्ध होत नाही. सुईची पोकळी आधीच घट्ट जेलने भरलेली असते, बारीक सुईतून रक्त वर यायला वेळ लागतो, ओढताना धमनीची भिंत टोकावर चिकटू शकते, आणि पुढच्या क्षणी हात अर्धा मिलिमीटर हलला तरी टोकाची जागा बदलते.

दुसरी समजूत कॅन्युलाची, म्हणजे सुईऐवजी वापरायच्या बोथट टोकाच्या बारीक नळीची. तिने धोका खरोखर कमी होतो. अमेरिकेतील त्वचारोगतज्ज्ञांच्या २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुईने दिलेल्या सुमारे ६,४०० सिरिंजमागे एकदा वाहिनी अडल्याचे दिसले, कॅन्युलाने दिलेल्या सुमारे ४१,००० सिरिंजमागे एकदा. पण हे आकडे प्रशिक्षित तज्ज्ञांचे आणि संपूर्ण चेहऱ्याचे आहेत. ते नाकाला, त्यातही सलूनमधल्या नाकाला लावता येत नाहीत. शिवाय २७ गेजची (गेजचा आकडा जितका मोठा तितकी नळी बारीक) कॅन्युला धमनी भोसकण्याच्या बाबतीत सुईपेक्षा फारशी वेगळी वागत नाही. बोथटपणाचा उपयोग हवा असेल तर २५ किंवा २२ गेजची जाड कॅन्युला हवी.

चांगला हात कसा ओळखावा? तो मध्यरेषा सोडत नाही. जेल हाडाला किंवा कूर्चेला लागून, खोल थरात सोडतो, कारण मोठ्या वाहिन्या मुख्यतः वरच्या स्नायूंच्या थरात आणि त्याच्या आसपास असतात. (सगळ्यांच्या नाही, काहींच्या दांड्यावर धमनी नेमकी मध्यरेषेलगत उतरते, म्हणून हा नियम पाळूनही अपघात होतात.) एका वेळी ०.०५ मिलीच्या आसपास थेंब, तोही सावकाश. प्रत्येक थेंबानंतर थांबून त्वचेचा रंग पाहणे, ‘दुखतेय का, नीट दिसतेय का’ असे विचारणे. ॲड्रेनालिन मिसळलेली भूल तो नाकावर देत नाही, कारण तिनेही त्वचा पांढरी पडते आणि खरी धोक्याची खूण झाकली जाते. पहिल्या भेटीत थोडे कमीच भरतो आणि दोन-चार आठवड्यांनी पुन्हा बोलावतो. भराभर टोचून, आरसा दाखवून, पुढच्या माणसाला आत बोलावणारा कितीही प्रसिद्ध असला तरी नाकासाठी नको.

पदार्थाच्या बाबतीत आमचे मत ठाम आहे : नाकात हायल्युरॉनिक ॲसिडशिवाय दुसरे काही नको. कॅल्शियम हायड्रॉक्सिॲपेटाइटच्या फिलरवर भरवशाचा उतारा नाही. पीएमएमए (प्लास्टिकचे सूक्ष्म मणी) आणि द्रव सिलिकॉन कायमचे. बिघडले तर कापूनच काढावे लागतात आणि तेही पूर्ण निघत नाहीत. चरबी स्वतःची असली तरी वाहिनीत शिरल्यावर ती विरघळवता येत नाही. हायल्युरॉनिक ॲसिडची जमेची बाजू टिकाऊपणात नाही, ते विरघळवता येते यात आहे. सुईशिवाय, दाबाने जेल आत मारणाऱ्या पेनसारख्या उपकरणांविरुद्ध एफडीएने ऑक्टोबर २०२१ मध्ये लोकांना सावध केले आहे : त्यात दाबावरही ताबा नसतो आणि खोलीवरही. ऑनलाइन मागवून घरी आरशासमोर स्वतःला टोचणाऱ्यांबद्दल काय लिहावे?

आता खुणा, कारण पहिला तास वाया जातो तो त्या न ओळखल्यामुळे. टोचताना किंवा लगेच त्वचा अचानक पांढरी पडणे ही पहिली. ती काही सेकंदच टिकू शकते. त्यानंतर जाळीसारखे जांभळट-तांबडे डाग उमटतात, आणि ते टोचल्या जागेपुरते राहत नाहीत. भुवयांच्या मध्ये, कपाळावर, नाकपुडीवर, वरच्या ओठावर, जिथवर त्या वाहिनीचा प्रदेश तिथवर पसरतात. टोचण्याच्या मानाने खूप जास्त दुखणे ही नेहमीची खूण. पण बहुतेक फिलरमध्ये ०.३ टक्के लिडोकेन हे भुलीचे औषध मिसळलेले असते, त्यामुळे दुखणे दबूही शकते. ‘दुखत नाही म्हणजे ठीक आहे’ हा निष्कर्ष काढू नये.

खात्रीची तपासणी सोपी आहे आणि घरीही करता येते. शेंडा, दोन्ही नाकपुड्या, दांडा, भुवयांचा मध्य आणि वरचा ओठ, प्रत्येक जागा बोटाने पाच सेकंद दाबून सोडावी. रंग दोन सेकंदांच्या आत परत यायला हवा. तीन-चार सेकंद लागले, किंवा दोन बाजूंमध्ये स्पष्ट फरक दिसला, तर वाहिनी अडल्याचे धरून चालावे. सावळ्या त्वचेवर पांढरेपणा नीट दिसत नाही. तिथे ही दाबून पाहण्याची तपासणी आणि स्पर्शाला लागणारा गारवा यांवर जास्त भिस्त ठेवावी. साधे काळे-निळे होणे वेगळे असते : ते एकसारखे पसरते, जाळी दिसत नाही, दाबून सोडल्यावर आजूबाजूचा रंग लगेच येतो.

खूण हुकली तर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्या भागावर पांढऱ्या पुटकुळ्या येतात. इथे दुसरी चूक होते. मुरमे आली म्हणून क्रीम दिले जाते, किंवा नागीण समजून विषाणूविरोधी गोळ्या. तोवर त्वचेचा वरचा थर मेलेला असतो. पुढे काळी खपली धरते, ती गळते आणि खाली खड्डा किंवा तुटलेली नाकपुडीची कड उरते. ती दुरुस्त करायला मग कपाळाची किंवा कानाची त्वचा आणून लावावी लागते. शस्त्रक्रिया टाळायला गेलेल्या माणसाच्या वाट्याला अशी एकापेक्षा जास्त ऑपरेशने येऊ शकतात.

उपाय म्हणजे हायल्युरोनिडेज, हायल्युरॉनिक ॲसिड तोडणारे विकर (एन्झाइम). ते कसे द्यायचे याबद्दल जुन्या सवयी अजून चालू आहेत : ५०-१०० युनिट टोचायचे आणि उद्या या म्हणायचे. २०१७ पासून रुळलेली पद्धत वेगळी आहे. एक छोटा भाग बाधित असेल तर सुमारे ५०० युनिट, दोन भाग असतील तर १,०००, तीन असतील तर १,५००. आणि हा डोस दर तासाला पुन्हा, दाबून सोडल्यावर रंग नीट परत येईपर्यंत. तासाला का, तर विकर ऊतींमध्ये थोडाच वेळ काम करते आणि जेल सतत त्याच्यात बुडलेला राहायला हवा. ते नेमके वाहिनीतच टोचण्याची गरज नाही, वाहिनीच्या भिंतीतून ते आत झिरपते. पण ज्या सगळ्या भागाचा रंग बदलला आहे तो पूर्ण भिजवावा लागतो, टोचलेला बिंदू तेवढा नाही. सोबत हलके चोळणे, कोमट शेक, आणि ॲलर्जी किंवा इतर अडचण नसेल तर ॲस्पिरिनची गोळी. बर्फ नको. सूज उतरावी म्हणून बर्फ लावा, असा सल्ला फिलरनंतर सगळ्यांना दिला जातो. वाहिनी अडलेली असताना त्याच बर्फाने उरलेल्या वाहिन्याही आकसतात.

हिशेब करून पाहा. तीन भाग, तीन-चार तास, म्हणजे सहा हजार युनिटपर्यंत. १,५०० युनिटच्या चार-पाच कुप्या दवाखान्याच्या फ्रिजमध्ये, मुदत न संपलेल्या, टोचण्याच्या आधीपासून असायला हव्यात. ‘लागले तर मागवून घेऊ’ हे उत्तर नापास. या औषधाची ॲलर्जी होऊ शकते, मधमाशीच्या डंखाची तीव्र ॲलर्जी असलेल्यांनी ते आधीच सांगावे, कारण त्या विषात हेच विकर असते. नेहमीच्या वेळी आधी त्वचेवर चाचणी घेऊन थांबतात. वाहिनी अडली असेल तर थांबायला वेळ नसतो, म्हणून ॲड्रेनालिन आणि ॲलर्जीचा झटका हाताळता येणारा डॉक्टर जागेवर लागतो. केवळ ‘फिलरचा कोर्स’ केलेल्या व्यक्तीला ही औषधे हाताशी ठेवण्याचा आणि देण्याचा अधिकारच नसेल, तर तिने नाकाला सुई लावण्यात अर्थ नाही.

डोळ्याची गोष्ट याहून घाईची. टोचताना किंवा काही मिनिटांत एका डोळ्यासमोर अंधार, डोळ्यात तीव्र कळ, पापणी पडणे, डोळा न वळणे, उलटी, डोकेदुखी. कधी जोडीने बोलणे अडखळणे किंवा हातपाय लुळा पडणे. रक्ताविना दृष्टिपटल किती वेळ तग धरते? माकडांवरील जुन्या प्रयोगांवरून सुमारे दीड तास धरला जातो. अलीकडचे काही अभ्यासक पूर्ण अडथळ्यात तो १२ ते १५ मिनिटांवर आणतात. दवाखान्यात त्या मिनिटांत करायचे ते असे : टोचणे थांबवणे, रुग्णाला आडवे करणे, प्रत्येक डोळा झाकून दुसऱ्याने बोटे मोजायला लावणे, वेळ लिहून ठेवणे, टोचल्या भागात आणि खोबणीच्या कडेने भरपूर हायल्युरोनिडेज देणे, डोळ्यातला दाब उतरवणाऱ्या टिमोलॉलचा थेंब, मिटलेल्या डोळ्यावर दाबणे-सोडणे अशी मालिश, आणि हे चालू असतानाच रुग्णवाहिका. डोळ्यामागे हायल्युरोनिडेज टोचून दृष्टी परतल्याची उदाहरणे आहेत, न परतल्याचीही आहेत. त्यावर विसंबून रुग्णालय लांबवू नये. जायचे ते नेत्रतज्ज्ञ आणि पक्षाघातावर उपचाराची सोय दोन्ही एकत्र असतील तिथे, कारण मेंदूचे चित्रणही लागते. रुग्णाने स्वतः गाडी चालवू नये, आणि ‘थोडे पडून राहा, बरे वाटेल’ हे कोणाकडूनही ऐकून घेऊ नये.

उशिरा येणाऱ्या तक्रारी त्या मानाने सौम्य : जेल उथळ गेला तर निळसर झाक, महिन्यांनी उठणाऱ्या गाठी, जंतुसंसर्ग, जड चष्म्याने पडलेली खाच. यांतल्या बहुतेक विरघळवून किंवा प्रतिजैविकांनी आटोक्यात येतात. पुढे शस्त्रक्रिया करायची झाली तर आधी फिलर विरघळवून काही आठवडे थांबावे लागते, हे मात्र ध्यानात ठेवावे. गरोदर व स्तनपान देणाऱ्या स्त्रिया, नाकावर चालू संसर्ग असलेले आणि स्वतःच्या दिसण्याचा ध्यास घेतलेले लोक यांनी हे करू नये. धूम्रपान करणाऱ्यांच्या त्वचेला आधीच रक्त कमी पोहोचते. वाढत्या वयातल्या मुलामुलींना तर नाहीच. इंग्लंडने १ ऑक्टोबर २०२१ पासून १८ वर्षांखालच्यांना सौंदर्यासाठी फिलर देणे गुन्हा ठरवले आहे, पालकांची संमती असली तरी.

ज्यांना एवढे वाचूनही करायचेच आहे, त्यांनी खुर्चीत बसण्याआधी पुढील गोष्टी विचाराव्यात. हायल्युरोनिडेजच्या कुप्या दाखवा, मुदत वाचू द्या. वाहिनी अडली तर तुम्ही कोणत्या पद्धतीने, किती युनिट देता? डोळ्याचे काही झाले तर कोणत्या रुग्णालयात, कोणाकडे पाठवता? रात्री दोन वाजता फोन कोण उचलतो? शेवटच्या प्रश्नाला स्वागतकक्षाचा क्रमांक मिळाला तर निघून यावे. सिरिंज आपल्यासमोर सीलबंद पाकिटातून काढली जावी; बहुतेक नामांकित फिलरच्या पाकिटात बॅच क्रमांकाचे चिकटणारे लेबल असते, ते आपल्या कागदावर लावून घ्यावे. टोचून झाल्यावर किमान अर्धा तास तिथेच बसावे आणि निघण्याआधी दाबून-सोडून तपासणी करून घ्यावी. लांबच्या प्रवासाच्या किंवा सुट्टीच्या आदल्या संध्याकाळी हे काम ठरवू नये. पहिल्या दोन दिवसांत सकाळ-संध्याकाळ खिडकीच्या उजेडात, त्याच कोनातून छायाचित्र काढावे. रंगातला बदल आरशापेक्षा छायाचित्रांच्या तुलनेत लवकर कळतो.

संपादक महोदय, आपल्यासारख्या दैनिकांकडे एक विनंती. अशा उपचारावर लेख किंवा जाहिरात छापताना आधीच्या-नंतरच्या छायाचित्रांशेजारी टोचणाऱ्याची वैद्यकीय पदवी आणि नोंदणी क्रमांक, वापरलेल्या पदार्थाचे नाव आणि हायल्युरोनिडेज तिथे उपलब्ध आहे की नाही, एवढे छापावे. वाचकांनाही एक सुचवावेसे वाटते : फिलर घेतल्या दिवशी पदार्थाचे नाव, बॅच क्रमांक, मात्रा, टोचलेल्या जागा आणि वेळ लिहिलेली चिठ्ठी जवळ ठेवावी आणि तिचे छायाचित्र घरातल्या कोणाला तरी पाठवून ठेवावे. अपघात विभागातल्या डॉक्टरला पहिल्या दोन मिनिटांत नेमके तेवढेच हवे असते.

कळावे,
आपले विश्वासू,
त्वचाविकार, प्लास्टिक सर्जरी व नेत्रविकार शाखांतील काही डॉक्टर